'कॉल ऑफ' की 'पुट ऑफ'? सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी फ्रेजल व्हर्ब्ज वेगळ्या कशा ओळखायच्या

'कॉल ऑफ' म्हणजे रद्द, 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर. निरोपात पहिलं लिहिलेलं असताना दुसरं समजून पुढच्या मंगळवारी फाइल घेऊन हजर होणारे लोक कमी नाहीत. दोन्हींत 'ऑफ' आहे, दोन्हींत ठरलेली बैठक त्या दिवशी होत नाही, आणि पाठांतराच्या यादीत दोन्ही शेजारीशेजारी असतात. सरमिसळ व्हायला आणखी काय हवं?

फ्रेजल व्हर्ब म्हणजे साधं क्रियापद, त्याच्या जोडीला 'अप', 'ऑफ', 'आउट', 'ओव्हर' असा एखादा छोटा शब्द, आणि दोघांचा मिळून होणारा तिसराच अर्थ. अशा क्रियापदांच्या लांबलचक याद्या बाजारात भरपूर मिळतात. माझं मत विचाराल तर त्या याद्यांनी गोंधळ वाढतो, कारण त्या क्रियापदांप्रमाणे लावलेल्या असतात. 'गेट'खाली वीस, 'टेक'खाली पंधरा. बोलताना मात्र कोणी 'चला, आता गेट वापरू' असं म्हणत नाही. आधी प्रसंग येतो: कोणीतरी उशिरा आलं, कोणाशी तरी बिनसलं, काम अंगावर पडलं. म्हणून शिकायचंही प्रसंगाने, आणि एकाच प्रसंगात बसणारी दोन-चार क्रियापदं समोरासमोर ठेवून.

एक लिहिण्यापुरती सूचना. मराठीत आपण इंग्रजीतले दोन वेगळे शब्द 'ऑफ' असेच लिहितो. या लेखात दूर होणे, बंद होणे या अर्थाचा तो 'ऑफ', आणि चा-ची-चे या अर्थाचा तो 'ऑव्ह'.

पायरी १: छोट्या शब्दाचा कल ओळखा

इथे मराठी माणसाला तयार फायदा मिळतो. 'खा' आणि 'खाऊन टाक', 'सांग' आणि 'सांगून ठेव', 'बोलला' आणि 'बोलून बसला' यांतला फरक आपल्याला कोणी शिकवलेला नाही. 'खाऊन टाक'मध्ये काही फेकायचं नसतं, 'बोलून बसला'मध्ये कोणी खाली बसत नाही. इंग्रजीत हेच काम तो छोटा शब्द करतो. 'अप'चा एक मोठा गट तर थेट आपल्या 'टाकणे'शी जुळतो: 'ईट' खाणे, 'ईट अप' खाऊन टाकणे; 'यूज' वापरणे, 'यूज अप' वापरून संपवणे. 'आय टोअर द लेटर' म्हटलं तर पत्र फाटलं, कदाचित पाकीट उघडताना कोपऱ्यात. 'आय टोअर अप द लेटर' म्हटलं तर तुकडे केले आणि विषय संपवला.

बाकीच्यांचा ढोबळ कल असा: 'ऑन' म्हणजे चालू ठेवणे, 'ओव्हर' म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात, 'थ्रू' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, 'ऑफ' म्हणजे तुटणे किंवा थांबणे. एवढ्यावरही काही जोड्या सुटतात. 'कॅरी ऑन' म्हणजे चालू ठेवणे, 'कॅरी आउट' म्हणजे ठरलेलं पार पाडणे. 'हँड इन' म्हणजे वरच्याकडे जमा करणे, 'हँड आउट' म्हणजे वाटणे, 'हँड ओव्हर' म्हणजे ताबा देणे. परीक्षेत उत्तरपत्रिका पर्यवेक्षक 'हँड आउट' करतात आणि विद्यार्थी 'हँड इन' करतात.

फॉर्मचं थोडं निराळं आहे. ब्रिटिश 'फिल इन' म्हणतात, अमेरिकन 'फिल आउट'. आपल्याकडे 'फिल अप द फॉर्म' सर्रास चालतं आणि देशात कोणाचं अडतही नाही, पण बाहेरच्या वाचकाच्या कानाला ते खटकतं. 'फिल अप' पेट्रोलच्या टाकीसाठी ठेवा.

मात्र या कलावर सगळा भार टाकू नका. 'पुट अप विथ' म्हणजे खपवून घेणे, आणि त्यात 'वर' असं काहीही नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं होतं की परक्या माणसाला सगळ्यात जास्त अडचण या जोडक्रियापदांची होते. त्याने दिलेल्या उदाहरणांत 'टेक ऑफ' आहे, त्याचा अर्थ दिला आहे नक्कल करणे. आज 'टेक ऑफ' म्हटलं की आधी विमान आठवतं. म्हणजे अर्थ सरकतातही, तर्काने किती गाठणार?

पायरी २: अर्थ बोलीतल्या मराठीत लिहा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फ्रेजल व्हर्ब्ज ही बहुतांशी इंग्रजीची बोलायची भाषा आहे. तिला पुस्तकी मराठी अर्थ लावला की दोन वेगळ्या क्रियापदांना एकच अर्थ चिकटतो. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, 'कोप विथ' म्हणजेही सहन करणे, 'गेट ओव्हर' म्हणजे दुःख सहन करणे: असं वहीत लिहिलं की संपलं, पुन्हा वेगळे करता येत नाहीत. तेच घरातल्या मराठीत लिहून बघा:

'कोप विथ': झेपणे, निभावणे.
'पुट अप विथ': खपवून घेणे.
'गेट ओव्हर': सावरणे.
'कीप अप विथ': बरोबरीने टिकणे.
'कॅच अप विथ': मागून गाठणे.
'गेट अवे विथ': पचणे.
'गेट बाय': भागणे.
'गेट अलाँग विथ': पटणे.

'ही गॉट अवे विथ इट' याला 'तो शिक्षेपासून सुटला' हा अर्थ चुकीचा नाही, पण 'त्याला ते पचलं' म्हटलं की वाक्यातली नाराजीसुद्धा येते. 'हाऊ आर यू गेटिंग बाय?' म्हणजे 'कसं काय भागतंय?'. आणि सासूबाईंशी पटतं, ते 'गेट अलाँग'. सासूबाईंचं बोलणं खपवून घेतलं जातं, ते 'पुट अप विथ'. घर एकच, पण इंग्रजीत या दोन बायकांची परिस्थिती फार वेगळी.

याच गटात आपल्याकडची एक ठरलेली चूक बसते: 'कोप अप विथ'. 'कोप विथ' आणि 'कीप अप विथ' यांची ती खिचडी आहे. 'कोप'ला 'अप' लागत नाही. 'आय कान्ट कोप विथ द वर्कलोड' म्हणजे काम झेपत नाही. 'आय कान्ट कीप अप विथ द क्लास' म्हणजे वर्ग पुढे जातो आणि मी मागे पडतो.

माणसामाणसांतल्या क्रियापदांनाही हीच युक्ती लावा. 'फॉल आउट' म्हणजे बिनसणे, 'ब्रेक अप' म्हणजे नातं तुटणे, 'मेक अप' म्हणजे भांडणानंतर पुन्हा गोडी होणे. 'दे हॅव फॉलन आउट' असं कोणी सांगितलं तर अजून मध्यस्थीला जागा आहे.

'डाउन'चं त्रिकूट तर मुद्दाम शेजारी मांडण्यासारखं आहे. 'शी टर्न्ड मी डाउन': मी विचारलं, ती नाही म्हणाली. 'शी लेट मी डाउन': ती येते म्हणाली होती, आली नाही, मी तोंडघशी पडलो. 'शी पुट मी डाउन': चारचौघांत तिने माझा पाणउतारा केला. तिन्ही ठिकाणी मनाला लागतं, पण दोष वेगवेगळा आहे. पहिल्यात तर तिचा काही दोषच नाही. तक्रारीच्या पत्रात 'टर्न्ड डाउन' लिहायचं ते 'लेट डाउन' लिहिलंत, तर समोरच्यावर शब्द फिरवल्याचा आरोप होतो.

'बॅक'च्या तिघांचंही असंच: 'बॅक आउट' म्हणजे कबूल करून ऐनवेळी माघार, 'बॅक डाउन' म्हणजे ताणून धरल्यावर नमतं घेणे, 'बॅक ऑफ' म्हणजे मागे सरणे. 'बॅक ऑफ!' असं नुसतं म्हटलं तर ती धमकी आहे, वरिष्ठांना लिहू नका.

आणि 'टर्न अप'? 'ही टर्न्ड अप टू अवर्स लेट' याला 'तो दोन तासांनी उगवला' याहून नेमकं मराठी मला सुचत नाही. 'ड्रॉप इन' म्हणजे जाता जाता डोकावणे. 'शो अप' हे 'टर्न अप'चं सख्खं भावंड, पण 'शो ऑफ' म्हणजे मिरवणे.

पायरी ३: 'कोण' आणि 'कशामुळे' विचारा

बोलीतला अर्थही कधीकधी एकच निघतो. तेव्हा वाक्यात कोण काय करतं ते बघा.

मुलगा मोबाइलसाठी हट्ट धरून बसला आहे. आई नाही म्हणते आहे. शेवटी 'शी गेव्ह इन' म्हटलं तर तिने नमतं घेतलं, मोबाइल आला. 'शी गेव्ह अप' म्हटलं तर तिने समजावण्याचा नाद सोडला. मोबाइल आला की नाही ते कळत नाही. 'गिव्ह इन'ला समोरून दाब लागतो. 'गिव्ह अप'ला दाब लागत नाही, माणूस स्वतःच सोडतो: सिगरेट, नोकरी, आशा. 'गिव्ह आउट' म्हणजे गुडघ्यांनी किंवा इंजिनाने साथ सोडणे, शिवाय वाटणे असाही त्याचा अर्थ आहे.

'ग्रो अप' आणि 'ब्रिंग अप' यांतही हाच प्रश्न उपयोगी पडतो. मी वाढलो: 'आय ग्रू अप इन सातारा'. आजीने वाढवलं: 'माय ग्रँडमदर ब्रॉट मी अप'. मुलाखतीत हमखास ऐकू येणारं 'आय वॉज ग्रोन अप इन सातारा' हे या दोन वाक्यांच्या मधोमध अडकलेलं आहे. 'वॉज' हवंच असेल तर 'आय वॉज ब्रॉट अप इन सातारा' म्हणा.

'ब्रेक'चा संसार मोठा आहे, पण कोण मोडतं ते पाहिलं की उलगडतो. गाडी बंद पडते ती 'ब्रेक्स डाउन', चोर घरात शिरतात ते 'ब्रेक इन', आग किंवा साथ अचानक सुरू होते ती 'ब्रेक्स आउट'. इंग्लंडमध्ये 'वी ब्रेक अप ऑन फ्रायडे' असं शाळकरी मुलगी म्हणाली तर घाबरू नका, शुक्रवारपासून सुट्टी लागते आहे एवढंच.

पायरी ४: 'इट' कुठे बसतं ते तपासा

अर्थ कळूनही वाक्य चुकतं ते इथे. क्रियापद आणि छोटा शब्द यांच्यामध्ये कर्म घालता येतं का? 'टर्न डाउन द ऑफर' चालतं, 'टर्न द ऑफर डाउन'ही चालतं. पण 'ऑफर'च्या जागी 'इट' आलं की एकच जागा उरते: 'टर्न इट डाउन'. 'टर्न डाउन इट' चूक. उलट 'लुक आफ्टर'ची जोडी फुटत नाही: 'लुक आफ्टर देम' बरोबर, 'लुक देम आफ्टर' कोणी म्हणत नाही.

हे कानानेही ओळखता येतं. फुटणाऱ्या जोडीत 'इट' आल्यावर जोर शेवटच्या छोट्या शब्दावर पडतो: 'टर्न इट' हळू, 'डाउन' ठसठशीत. 'लुक अ‍ॅट इट'मध्ये जोर 'लुक'वर राहतो, 'अ‍ॅट' जवळजवळ गिळला जातो. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी कोशांत कर्माची जागाही दाखवलेली असते. काही कोशांत तिथे दोन्हीकडे टोक असलेला छोटा बाण असतो, त्याचा अर्थ कर्म मध्येही येतं आणि नंतरही. त्या बाणाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही.

कधीकधी 'इट'च्या जागेवर अर्थच बदलतो. 'आय सॉ थ्रू हिम' म्हणजे मी त्याचं सोंग ओळखलं. 'आय सॉ इट थ्रू' म्हणजे मी ते काम तडीस नेलं. शब्द तेच, 'थ्रू'ची जागा बदलली आणि संशयी माणसाचा चिकाटीचा माणूस झाला. तसंच 'गेट ओव्हर इट' म्हणजे आता सावर, झालं ते झालं. 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे एकदाचं उरकून टाक. दाताच्या डॉक्टरकडे जाण्याआधी दुसरं, जाऊन आल्यावर पहिलं.

तीन शब्दांच्या जोड्या, 'पुट अप विथ', 'रन आउट ऑव्ह', 'लुक फॉरवर्ड टू', बहुतेक फुटत नाहीत. वरचं 'गेट इट ओव्हर विथ' हा अपवाद. 'लुक फॉरवर्ड टू'बद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण रोजच्या ईमेलमधली ही सर्वांत वारंवार होणारी चूक असावी. 'आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' चूक, 'टू मीटिंग यू' बरोबर. कसं ओळखायचं? 'टू'नंतर एखादं नाम ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द हॉलिडेज' बसतं ना? मग तिथे क्रियापद घालायचं झालं तर 'इंग' लावूनच.

आणखी एक छोटी गोष्ट. क्रियापद दोन शब्दांत, नाम एका शब्दात: 'लॉग इन' करायचं आणि 'लॉगिन' विसरायचं, 'सेट अप' करायचं आणि 'सेटअप' बिघडायचा.

पायरी ५: वेळेची दिशा उलटी आहे हे लक्षात ठेवा

आता सुरुवातीच्या बैठकीकडे. ऑफिसातला हा मजकूर वाचा:

'द साइट व्हिजिट हॅज बीन पुश्ड बॅक टू मंडे. कॅन वी ब्रिंग द बजेट मीटिंग फॉरवर्ड टू वेन्सडे? आय डोन्ट वॉन्ट टू पुट इट ऑफ अगेन.'

समजा आज मंगळवार आहे आणि दोन्ही गोष्टी गुरुवारी ठरल्या होत्या. आपण मराठीत भेट 'पुढे' ढकलतो. इंग्रजीत तीच भेट 'बॅक', म्हणजे मागे, ढकलली जाते. 'पुश्ड बॅक टू मंडे' म्हणजे गुरुवारऐवजी नंतरच्या सोमवारी. आणि 'ब्रिंग फॉरवर्ड' मराठी डोक्याला 'पुढे नेणे' वाटतं, पण ते आहे अलीकडे आणणे: गुरुवारची बैठक बुधवारी. म्हणजे दोन्ही ठिकाणी शब्दशः अर्थ लावला तर दोन्ही तारखा उलट्या कळतात. आपण भारतीय त्या अलीकडे आणण्याला 'प्रीपोन' म्हणतो. शब्द सोयीचा आहे, पण भारताबाहेरच्या माणसाला लिहिताना 'ब्रिंग फॉरवर्ड' वापरा. अमेरिकनांना 'मूव्ह अप' जास्त सवयीचं.

तिसऱ्या वाक्यातलं 'पुट ऑफ' आणि पहिल्यातलं 'पुश बॅक' यांत छटेचा फरक आहे. 'पुश बॅक'ला बहुधा नवी तारीख जोडलेली असते. 'पुट ऑफ'मध्ये चालढकल डोकावते: 'ही कीप्स पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट'. त्याच्यापुढेही क्रियापदाला 'इंग' लागतं. 'पुट मी ऑफ' हे तर निराळंच: त्या वासाने माझं मन उडालं, 'द स्मेल पुट मी ऑफ'.

पायरी ६: कोणाला लिहिताय ते बघा

'लुक इंटू' आणि 'इन्व्हेस्टिगेट', 'पुट ऑफ' आणि 'पोस्टपोन', 'कॉल ऑफ' आणि 'कॅन्सल' यांचा अर्थ जवळपास तोच, पोशाख वेगळा. 'वी विल लुक इंटू इट' म्हणजे 'बघतो आम्ही काय झालंय ते'. 'वी विल इन्व्हेस्टिगेट' म्हणजे रीतसर चौकशी लागली. सहकाऱ्याला पहिलं पुरे. शोधनिबंधात किंवा करारात दुसरं.

ठिकाणानुसारही काळजी घ्या. 'आय पास्ड आउट इन २०१९' हे आपल्याकडे पदवी घेतल्याचं वाक्य. अमेरिकन कान ते 'मी २०१९मध्ये बेशुद्ध पडलो' असं ऐकतो. आपला अर्थ हवेतून आलेला नाही. सैनिकी प्रशिक्षण पूर्ण होण्याला ब्रिटिश इंग्रजीत 'पास आउट' म्हणतात, आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीत आजही 'पासिंग आउट परेड'च होते. परदेशी कंपनीच्या अर्जात मात्र 'आय ग्रॅज्युएटेड' लिहा.

पायरी ७: वही अशी ठेवा

एका पानावर एक प्रसंग. 'नवीन नोकरी' असं पान घेतलं तर त्यावर 'टेक अप', 'टेक ऑन', 'टेक ओव्हर' तिन्ही येतील. प्रत्येकापुढे तीनच गोष्टी: स्वतःच्या आयुष्यातलं खरं वाक्य, त्याच वाक्यात 'इट' घालून, आणि बोलीतलं मराठी. उदाहरणार्थ 'टेक ओव्हर': 'आय टुक ओव्हर द अकाउंट फ्रॉम अ कलीग', 'आय टुक इट ओव्हर', सूत्रं हाती घेणे. 'टेक ऑन': जबाबदारी अंगावर घेणे, किंवा माणूस कामावर घेणे. 'टेक अप': सुरू करणे, मग ती नोकरी असो की पेटीची शिकवणी. एका बैठकीत एकच पान करा. दोन पानं केलीत की पुन्हा सरमिसळ सुरू होते.

आता हात साफ करायला पाच प्रसंग. उत्तर झाकून आधी स्वतः वाक्य करा.

एक: दूध संपलं. दोन: लग्न मोडलं, हॉलचं बुकिंग रद्द केलं. तीन: शेजाऱ्याचा गोंगाट वर्षभर खपवून घेतला. चार: परीक्षा दहा तारखेऐवजी पाच तारखेला घेतली. पाच: मित्र गाडी देतो म्हणाला, आणि आदल्या रात्री फिरला.

उत्तरं. एक: 'वी हॅव रन आउट ऑव्ह मिल्क', 'द मिल्क हॅज रन आउट' हेही चालेल, पण तिथे 'ऑव्ह' नको. दोन: 'दे कॉल्ड ऑफ द वेडिंग', 'पुट ऑफ' म्हटलंत तर नातेवाईक नव्या मुहूर्ताची चौकशी करतील. तीन: 'आय पुट अप विथ द नॉइज फॉर अ इयर'. चार: 'द एक्झाम वॉज ब्रॉट फॉरवर्ड टू द फिफ्थ'. पाच: 'ही बॅक्ड आउट', आणि तुमच्या बाजूने सांगायचं तर 'ही लेट मी डाउन'. 'ही टर्न्ड मी डाउन' इथे बसत नाही, कारण तो आधी हो म्हणाला होता.